चटईखालची ओल

पत्र:

डॉक्टर मॅडम, मी २६ वर्षांची. राहते डोंबिवलीत, नोकरी लोअर परळला. उणे साडेचार नंबर आहे आणि सहा वर्षं महिन्याला बदलायच्या लेन्स वापरते. दोन महिन्यांपूर्वी माझी मामेबहीण तारकर्लीला गेली होती. चार दिवस तिने लेन्स काढल्याच नाहीत, समुद्रातही त्या घालूनच उतरली. परतल्यावर डोळा लाल झाला. मेडिकलमधून ड्रॉप आणून घातले, दोन दिवस बरं वाटलं आणि मग एकदम दिसेनासंच झालं. कॉर्नियल अल्सर निघाला, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावर जखम. आता त्या डोळ्यात फूल पडलंय. तेव्हापासून आई म्हणते, तुझ्याही लेन्स गटारात टाक. माझं म्हणणं असं, की डोळ्यातल्या पाण्यातच जंतू मारायची ताकद असते, शाळेत शिकलोय आम्ही. मला आजवर एकदाही डोळे आलेले नाहीत. माझ्या लेन्स ‘श्वास घेणाऱ्या’ आहेत. दुकानदार म्हणाला होता, रात्री राहिल्या तरी चालतात. मी तर रोज काढते, फक्त शनिवारी उशीर झाला की राहतात. डबी रोज नळाखाली स्वच्छ धुते. मग एवढं घाबरायचं कशाला? फेब्रुवारीत माझं लग्न आहे आणि मला बोहल्यावर चष्मा लावून उभं राहायचं नाही. आईला जरा समजवा.
– तुमची भाचीच समजा

उत्तर:

सुरुवातीला ‘डॉक्टर मॅडम’ आणि शेवटी ‘भाची’ लिहिलं आहेस, म्हणून सरळ अगं-तुगं करते. आईला समजवायचं काम मात्र घेत नाही. तिचं निम्मं बरोबर आहे, तुझंही निम्मं बरोबर आहे आणि दुकानदाराचं जवळजवळ काहीच बरोबर नाही.

आधी शाळेतलं घेऊ. अश्रूंत लायसोझाइम नावाचं द्रव्य असतं. ते जंतूची भिंत फोडतं. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने ते १९२२ साली जगापुढे मांडलं, म्हणजे पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून तो लिंबाची साल डोळ्यापाशी पिळून स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं पाणी काढायचा. पण त्याच्या लगेच लक्षात आलं की लायसोझाइमने पटापट मरतात ते बहुतेक निरुपद्रवी जंतू. बरोबरच आहे, जे त्याला दाद देत नाहीत तेच रोग करायला मागे उरतात. लेन्सवाल्यांच्या डोळ्यात सगळ्यात जास्त नासधूस करणारा जंतू आहे स्यूडोमोनास. मोरीच्या जाळीत, नळाच्या तोंडाशी, जिथे म्हणून सतत ओल असते तिथे तो राहतो. त्याच्या भिंतीवर बाहेरून आणखी एक आवरण असतं. एकट्या लायसोझाइमचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही.

मग आपण सगळे आंधळे का झालो नाही? कारण डोळा एका द्रव्याच्या भरवशावर बसलेला नाही. त्याची खरी ताकद झाडलोटीत आहे.

मिनिटाला साधारण बारा-पंधरा वेळा पापणी मिटते. दर वेळी ती सगळा काळा भाग पुसून काढते, वरच्या ग्रंथीतून ताजं पाणी पसरते आणि जुनं पाणी नाकाकडच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक भोकांतून खाली ढकलते. रडलं की नाक वाहतं ते त्याच वाटेने. त्या पाण्यात लायसोझाइमच्या जोडीला लॅक्टोफेरिन असतं. ते लोह पकडून ठेवतं आणि जंतूंची उपासमार करतं. एक प्रतिद्रव्य असतं, ते जंतूंचे गोळे करतं, म्हणजे त्यांना चिकटायला जागाच मिळत नाही. खाली बुळबुळीत श्लेष्म्याचा थर, वर पापणीच्या काठातून येणारी तेलाची साय. त्याखाली कॉर्निया, म्हणजे काळ्या भागावरची पारदर्शक काच. घड्याळावर असते तशी. ही काच जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि तिच्यावरची कातडी तर पाच-सात पेशींची. पण ती कातडी सारखी गळते. वरच्या पेशी निघून जातात आणि त्यांना चिकटलेले जंतूही त्यांच्याबरोबर जातात. आठवडा-दहा दिवसांत सगळी कातडी नवी. प्रयोगशाळेत उंदरांच्या धडधाकट डोळ्यात स्यूडोमोनास थेंबाथेंबाने सोडून पाहिला आहे. काही तासांत डोळा तो धुऊन टाकतो, अल्सर होत नाही. आधी ओरखडा काढला, तर मात्र होतो.

आता यात लेन्स ठेव.

पावसाळ्यात फरशी पुसून लगेच वर चटई अंथरली तर काय होतं, ते तुझ्या आईला विचार. चटईवरून केरसुणी फिरवली तरी खालची ओल तशीच राहते आणि चौथ्या दिवशी कुबट वास येतो. लेन्सखाली तेच होतं. अश्रूंचा थर दुभंगतो, थोडा लेन्सच्या वर आणि थोडा खाली. पापणी झाडते ती वरचा. मऊ लेन्सखालचं पाणी एका मिटण्यात जेमतेम शंभरातला एक भाग बदलतं. जुन्या कडक लेन्स डोळ्यात टोचायच्या खऱ्या, पण त्या हलायच्या, म्हणून त्यांच्याखालचं पाणी बरंच जास्त बदलायचं. मऊ लेन्स सुखाची का, तर ती मऊ असते आणि फारशी हलत नाही म्हणून. ही गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही.

पुढचं थोडं कमी माहीत असलेलं. लेन्सखालच्या कातडीची गळती मंदावते, म्हणजे पेशी जास्त दिवस तिथेच बसून राहतात आणि त्यांच्यावर बसलेला जंतूही बसून राहतो. लायसोझाइम लेन्सला चिकटतं आणि त्यातलं काही तिथेच निकामी होतं. तुझी लेन्स तिसऱ्या आठवड्यात धुरकट दिसते ना, तिच्यावर असेच अश्रूंतले पदार्थ बसलेले असतात. शिवाय कॉर्निया बधिर होते. अंगावर इतक्या दाट नसा दुसरीकडे कुठेच नाहीत, केसाचं टोक लागलं तरी जीव जातो आपला. पण वर्षानुवर्षं लेन्स वापरणाऱ्यांची ही जाणीव कमी होत जाते. त्यांच्या डोळ्यात ओरखडा असतो आणि त्यांना पत्ता नसतो. माझ्याकडे नुसता नंबर तपासायला आलेली मुलं असतात. पिवळ्या रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळा दिवा टाकला की काचेवर हिरवे ठिपके चमकतात. म्हणजे तिथली कातडी निघालेली. विचारलं तर म्हणतात, “छे, काहीच होत नाही मला.”

म्हणूनच ‘मला कधी डोळे आले नाहीत’ या वाक्याला मी मार्क देत नाही. डोळे येणं हा पांढऱ्या भागाचा आजार, बहुतेकदा व्हायरसचा. तुझ्या बहिणीला झालं ते वेगळं, काचेचं.

आता तुझे शनिवार. तू एका ओळीत उरकलेस, पण सगळं तिथेच आहे.

झोपलं की पापणी मिटलेली राहते, म्हणजे झाडलोट बंद. नवं पाणी येणंही जवळजवळ थांबतं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, तिला हवेतून ऑक्सिजन लागतो. मिटलेल्या डोळ्यात तो साधारण एक तृतीयांशावर येतो. पण डोळा गप्प पडून राहत नाही. रात्री तो वेगळी तयारी करतो: अश्रूंतलं ते प्रतिद्रव्य कितीतरी पटींनी वाढवतो आणि पांढऱ्या पेशी बोलावून घेतो. सकाळी उघडझाप सुरू झाली की हा सगळा गाळ कोपऱ्यात लोटला जातो. आपण त्याला चिपड म्हणतो आणि आरशात बघून नाक मुरडतो. खरं तर ती रात्रपाळी संपल्याची खूण असते.

लेन्स घालून झोपलीस की रात्रपाळीच बिघडते. गाळ लेन्सखाली अडकतो. प्रयोगांत असंही दिसलं आहे की मेलेल्या पांढऱ्या पेशींचा चिकट गाळ स्यूडोमोनासला लेन्सवर आपला बुळबुळीत थर बांधायला मदतच करतो. म्हणजे बोलावलेल्या पाहुण्यांचीच गादी चोराने अंथरली! एकदा तो थर बांधला की आतल्या जंतूंपर्यंत अश्रू पोचत नाहीत आणि लेन्स धुवायचं सोल्यूशनही धड पोचत नाही. वर लेन्स त्या जंतूला तासन्‌तास एकाच जागी दाबून धरते. मोकळ्या डोळ्यात त्याला पुढच्या उघडझापीपर्यंतच वेळ मिळतो, काही सेकंद. इथे अख्खी रात्र.

आता ‘श्वास घेणाऱ्या’ लेन्स. नाव सिलिकॉन हायड्रोजेल, १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आल्या. त्यांच्यातून ऑक्सिजन कितीतरी जास्त जातो हे शंभर टक्के खरं. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं की ऑक्सिजनचा प्रश्न सुटला, आता रात्री घाला की खुशाल. ऑस्ट्रेलियात देशभरातल्या केसेस मोजल्या गेल्या आणि २००८ साली आकडे आले. मऊ लेन्स फक्त दिवसा घालणाऱ्या १०,००० माणसांमागे वर्षाला साधारण २ जणांना कॉर्नियाचं इन्फेक्शन. घालून झोपणाऱ्यांत साधारण २०. आणि झोपताना सिलिकॉन हायड्रोजेल घालणाऱ्यांत? साधारण २५. अमेरिकेत १९८९ साली जुन्या लेन्सवर झालेल्या पाहणीत झोपणाऱ्यांचा आकडा २१ च्या आसपासच होता. ऑक्सिजन वाढवला, लाली कमी झाली, डोळा सकाळी छान पांढरा दिसायला लागला, आणि इन्फेक्शन जिथल्या तिथे. चटई जाळीची केली म्हणून खालची फरशी झाडली जात नाही.

हे आकडे तुझ्या आईलाही वाचून दाखव, पण पहिला आकडा आधी. १०,००० मागे दोन. नीट वापरल्या तर लेन्स गटारात टाकण्यासारख्या नाहीत. तुझा धोका लेन्समध्ये कमी आणि शनिवारमध्ये जास्त आहे.

तुला रागावायचा मला फारसा अधिकार नाही. मी स्वतः शिकाऊ डॉक्टर असताना एक जोडी वर्षभर पुरवायची पद्धत होती. डोळ्यांच्याच विभागात ड्यूटी, छत्तीस तास उभं राहून झाल्यावर ड्यूटी रूममधल्या खाटेवर पडले ती लेन्ससकट. एकदा नाही, कित्येकदा. एका पहाटे जाग आली ती डोळ्यात वाळू ओतल्यासारखी. उजेडाकडे बघवेना. सरांनी दिव्याखाली पाहिलं आणि काही बोललेच नाहीत, फक्त माझा उलटा धरलेला केसपेपर सुलटा करून दिला. जंतूविना झालेली सूज होती, आठवड्यात बरी झाली. नशीब म्हणायचं. त्यानंतर लेन्स घालून मी आडवीही झाले नाही.

लोकलमधल्या डुलकीचं तू लिहिलं नाहीस, पण डोंबिवली ते परळ म्हणजे ती असणारच. बसायला जागा मिळाली, मान कलली, दहा-पंधरा मिनिटं डोळा लागला, तर आभाळ कोसळत नाही. उठल्यावर पाच-सहा वेळा जोरात उघडझाप कर, लेन्स कोरडी वाटली तर लेन्सवर चालणारे अश्रूंचे ड्रॉप घाल आणि चिकटलेली लेन्स लगेच ओढू नकोस. रात्र मात्र एकही नाही. शनिवारी पर्समध्ये चष्मा आणि डबी ठेवायची, एवढाच उपाय आहे त्याला. घरी येऊन लेन्स काढायचा कंटाळा येतो ना? मग पार्टीतून निघतानाच काढ.

आता नळ. तू डबी रोज धुतेस हे फार अभिमानाने लिहिलं आहेस आणि मला वाचतानाच कसंतरी झालं. बिल्डिंगच्या टाकीतून आलेलं पाणी प्यायला ठीक असेल, पण त्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती दुहेरी कवच करून बसतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला काही करत नाही. पोटात गेला तर बाधत नाही, पण लेन्सला चिकटून कॉर्नियावर पोचला आणि तिथे ओरखडा असला, तर दुखणं असं की माणूस भिंतीवर डोकं आपटतो, आणि उपचार महिनोन्‌महिने, सुरुवातीला रात्रंदिवस तासातासाला ड्रॉप. ब्रिटनमध्ये हा आजार जास्त दिसतो आणि घरोघरच्या माळ्यावरच्या पाण्याच्या टाक्या हे त्याचं एक कारण मानतात. आपल्याकडे हा जीव ज्यांच्या डोळ्यात सापडतो, त्यातल्या बहुतेकांनी लेन्स कधी पाहिलेलीही नसते. शेतात उसाचं पातं लागतं, वर गढूळ पाण्याचा हबका मारला जातो. वाट तीच, ओरखडा आणि पाणी. शेतकऱ्याला ओरखडा कळतो तरी. तुला कळणार नाही.

तेव्हा लेन्सला आणि डबीला पाणी लावायचं नाही. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळून गार केलेलंही नाही, आणि थुंकी तर नाहीच. (हसू नकोस. चांगले इंजिनिअर लोक करतात.) हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, ओल्या बोटाने लेन्सला हात लावायचा नाही. लेन्स काढली की तळहातावर ताज्या सोल्यूशनमध्ये चोळायची. बाटलीवर ‘चोळायची गरज नाही’ असं लिहिलेलं असलं तरी चोळायची. डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून द्यायचं, त्यात नव्याची भर घालायची नाही. भर घालणं म्हणजे कालच्या आमटीत आजची आमटी. मग सोल्यूशननेच डबी खंगाळून, पुसून, झाकण उघडं ठेवून पालथी ठेवायची, आणि तीही बाथरूमबाहेर. आंघोळीला, पोहायला, होळीला लेन्स नाही.

मामेबहिणीने कोणते ड्रॉप घातले ते तू लिहिलं नाहीस. पण दोन दिवस बरं वाटलं आणि मग एकदम बिघडलं, हा क्रम ऐकला की मला स्टिरॉइडची शंका येते. काउंटरवर ‘डोळा लाल आहे’ म्हटलं की बऱ्याचदा अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली बाटली हातात पडते. स्टिरॉइडने लाली उतरते, कारण ते शरीराच्या फौजेलाच घरी पाठवतं. जंतू आत मोकाट. स्यूडोमोनासला काच वितळवायला एक-दोन दिवसही पुरतात. तेव्हा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं किंवा काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, रविवार असला तरी. पट्टी बांधायची नाही, गुलाबपाणी नाही, मध नाही. आणि काढलेली लेन्स फेकायची नाही. डबीसकट, आतल्या पाण्यासकट घेऊन यायचं. डोळ्यातून खरवडून घेतलेल्या कणात जंतू सापडला नाही, तर कित्येकदा तो डबीत सापडतो.

बहिणीला माझा निरोप सांग. फूल मध्यावर असेल आणि नजर अडत असेल, तर नेत्रदानातून मिळालेली कॉर्निया बसवता येते. पण जखम पूर्ण शांत व्हायला हवी, घाई नको.

राहिलं लग्न. चष्म्याशिवाय उभी राहा, माझी काही हरकत नाही. त्या दिवसासाठी रोज नवी घालून रात्री फेकायची लेन्स घे. तिने इन्फेक्शन होतच नाही असं नाही, त्या ऑस्ट्रेलियातल्या मोजणीत तिचाही आकडा २ च होता. पण झालं तर नजरेचं नुकसान कमी होतं आणि डबीची भानगडच राहत नाही. महिनाभर आधी दोन-चार दिवस घालून पाहा, मुहूर्ताच्या सकाळी पहिल्यांदा नको. आधी लेन्स, मग मेकअप, आणि रात्री उलटं, आधी लेन्स काढायची आणि मगच तोंड पुसायचं. काजळ पापणीच्या आतल्या काठावर नको. तेलाची ती साय सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, ती बुजतात आणि काजळाचे कण लेन्सखाली जातात. पापणीच्या केसांच्या मुळाशी बाहेरून लाव, फोटोत कोणाला कळत नाही. होमाचा धूर लागणार, तेव्हा करवलीच्या बटव्यात ड्रॉप ठेव. अक्षता पडताना डोळे मिटून घे, तांदळाचा दाणा नेमका उघड्या डोळ्यात लागलेली एक नवरी मी पाहिली आहे. आणि मेकअपवाली घाऱ्या-निळ्या लेन्सची डबी पुढे करेल, ‘सगळ्या नवऱ्या घालतात’ म्हणेल. सगळ्या नवऱ्यांनी घातलेली तीच जोडी असू शकते. हात जोडून नाही म्हण.

त्या रात्री पाहुणे, उखाणे, गृहप्रवेश यात बारा वाजतील आणि तू दमून पडशील, हे मला आत्ताच दिसतंय. म्हणून लेन्स काढायची जबाबदारी आईवर टाक. ती विसरणार नाही.

आणि ती बेसिनवरची डबी आजच कचऱ्यात टाक. सोल्यूशनच्या नव्या बाटलीबरोबर बहुतेक वेळा नवी फुकट मिळते.